कोल्ह्याची द्राक्षे

‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही म्हण आपण सारेच वापरतो. पण कोल्ह्याच्या नावाची द्राक्षे जगात खरोखरीच आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. उत्तर अमेरिकेच्या रानात एक वेल होते. तिच्या फळांना उग्र वास असतो, आणि तिकडे त्यांना ‘कोल्ह्याची द्राक्षे’ असेच म्हणतात. याच कुळातल्या ‘कटावबा’ जातीची फसफसती वाइन एकोणिसाव्या शतकात सिनसिनाटीच्या निकोलस लाँगवर्थ यांनी नावारूपाला आणली. पण युरोपातील रसिकांनी या कुळाला कधी पंगतीत पाट मांडला नाही. तांबडी वाइन व्हावी ती खानदानी युरोपीय द्राक्षांचीच, असा त्यांचा दंडक!

पुढे १८६० नंतर एका बारीक किडीने फ्रान्समधील मळेच्या मळे मुळाशी पोखरले. तेव्हा अमेरिकन रानवेलींच्या खुंटांवर कलमे बांधूनच ते वाचवावे लागले. आपल्या वऱ्हाडी वाचकांना याचे नवल वाटू नये. वरुड-मोर्शीकडचा गोड संत्रा तरी कोणाच्या जिवावर उभा असतो? जंबेरीच्या आंबट खुंटाच्याच ना!

या रानवट कुळाला आता महाराष्ट्रात नवे घर मिळाले आहे. १९४६ साली ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ने स्थापलेल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कटावबाचा संकर ‘ब्यूटी सीडलेस’ या काळ्या द्राक्षाशी केला. ही दुसरी जात कॅलिफोर्नियाची. आणि आमच्या वरुडला लोक ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणतात, तेव्हा नात्याने ती परकी नव्हे. या संकराचे नाव मात्र अगदीच रुक्ष – ‘एआरआय-५१६’! फळे काळीभोर व सुवासिक. छाटणीनंतर ११० ते १२० दिवसांत घड तयार होतात. वाइनचे नाव ऐकून ज्या घरी आजोबा चष्मा सावरतील, त्यांनी निश्चिंत असावे. याच द्राक्षांचा रस, जॅम आणि बेदाणेही होतात.

पण याचा खरा गुण ताटात दिसत नाही, तो मळ्यात दिसतो. फुलोऱ्यावर अवकाळी पाऊस आला की बागेत केवडा रोग शिरतो. मग बागाईतदार औषधाचा पंप खाली ठेवीत नाही. त्या फवाऱ्यांचा खर्च त्याच्या संसारातून जातो, आणि त्यांच्याच धास्तीने आपल्या गृहिणी द्राक्षे मिठाच्या पाण्यात घालून ठेवतात. बुरशीच्या रोगांना सहज बळी न पडणारी वेल मिळाली, तर दोन्ही घरांचा घोर हलका होईल. महाराष्ट्र, तेलंगण, तमिळनाडू, पश्चिम बंगाल व पंजाब या राज्यांसाठी तिची शिफारस झालेली आहे. २०२० साली तिची माहिती वृत्तपत्रांतून आली, तेव्हापासून तिच्याविषयीचे कुतूहल वाढते आहे.

वऱ्हाड हा काही द्राक्षांचा मुलूख नव्हे. आपली ओळख कापसाची आणि संत्र्याची. पण बहर एकदम बाजारात आला की भाव कसा कोसळतो, हे संत्रेवाल्याइतके कोणाला ठाऊक? ज्या फळाला ताटाखेरीज दुसरे दार नाही, त्याला देखणे राहावेच लागते; सालीवर एक डाग पडला की त्याची किंमत गेली. रसाच्या फळाचे तसे नाही. त्याला डाग चालतो, कारण त्याची किंमत पोटातल्या गोडीवर ठरते.

तेव्हा उद्या एखाद्या दुकानात गडद जांभळ्या द्राक्षरसाची बाटली दिसली, तर ‘कसला हा वास!’ म्हणून नाक मुरडू नका. निदान एक पेला घेऊन पाहा. चाखून न पाहताच आंबट म्हणण्याचा मान कोल्ह्यालाच राहू द्या.