चिंतेचें माप

नाशिकला गोदावरीस पूर आला म्हणजे शहरांतील लोक तो फुटांत मोजीत बसत नाहींत. नदीच्या पात्रांत दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ति उभी आहे. पाणी तिच्या गुडघ्याला लागलें, कमरेला लागलें, कीं गळ्याशीं आलें, एवढें सांगितलें कीं ऐकणाऱ्यास सर्व कळतें. १९६९ किंवा २००८ सालचा मोठा पूर ज्यानें पाहिला आहे, तो नव्या पाण्याकडे पाहून उगीच घाबरत नाहीं, आणि गाफीलहि राहत नाहीं. मारुतीमुळें पूर ओसरतो असें नाहीं. परंतु स्वस्थ बसण्याची वेळ कोणती व सामान हलविण्याची कोणती, हें त्याच्यामुळें समजतें.

मनांतल्या चिंतेला असें माप नसतें, हेंच तिच्या त्रासाचें मुख्य कारण. मुलाची परीक्षा, घराचें भाडें, वरिष्ठांचा एखादा कठोर शब्द, यांपैकीं जें समोर असेल तें सारें मन व्यापून टाकतें. डोळ्याशीं धरलेला रुपया सूर्यालाहि झांकतो. म्हणून रुपया कांहीं सूर्याएवढा होत नाहीं. तो हातभर दूर धरला कीं त्याचा खरा आकार दिसूं लागतो. व्यापक दृष्टि म्हणजे हें हातभर अंतर.

तें मिळविण्यास नाशिककरांस फार दूर जावें लागत नाहीं. मुंबईच्या रस्त्यालगत, शहरापासून सुमारें ८ किलोमीटरांवर, त्रिरश्मि डोंगरांत पांडवलेणीं आहेत. पायऱ्या चढून वर गेलें कीं खालचें शहर एका नजरेंत मावतें. ज्या खडकांत हीं २४ लेणीं कोरलीं आहेत, तो लाव्हारसाचे थर थिजून सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं बनला. कोरीव कामाला आरंभ होऊनहि दोन हजार वर्षें लोटलीं. या आंकड्यांपुढें महिनाअखेरची ओढाताण लहान वाटूं लागते, हें खरें. पण तेथेंच थांबलें तर अर्धाच उपाय हातीं लागतो.

उरलेला अर्धा त्याच डोंगरांत, १० व्या लेण्यांत कोरून ठेविला आहे. क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात यानें हें लेणें भिक्षुसंघास दान दिलें, आणि त्याबरोबर ३,००० कार्षापण, म्हणजे त्या वेळचीं नाणीं, कायमची ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या दोन संघांकडे ठेविलीं. २,००० वर दरमहा शेंकडा १, आणि १,००० वर दरमहा शेंकडा पाऊण, असें व्याज ठरलें. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, व्याजच वापरावयाचें, हेंहि लेखांत स्पष्ट आहे. हिशेब सरळ आहे. २,००० चें व्याज महिन्यास २०, वर्षास २४० होतें. आणि त्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस वस्त्रांसाठीं प्रत्येकीं १२ कार्षापण मिळावयाचे.

ज्यांनीं घरदार सोडलें, सर्व कांहीं अनित्य आहे याचें चिंतन हेंच ज्यांचें काम, त्यांनाहि अंगावर वस्त्र हवेंच होतें. जग क्षणभंगुर आहे, मग कपड्याची काळजी कशाला, असें सांगून त्यांची बोळवण झाली नाहीं. व्याजाचा दर ठरवून तरतूद करण्यांत आली. व्यापक दृष्टि व चोख हिशेब हीं दोन्हीं एकाच डोंगरांत सुखानें नांदलीं.

त्याच काळांतील थोरामोठ्यांच्या चिंतांचें काय झालें, तेंहि पाहण्यासारखें आहे. गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाची सत्ता मोडली. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगलटेंभी येथें चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा ठेवा सांपडला. नाणीं नहपानाचीं, पण त्यांतील निम्म्याहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें स्वतःचा ठसा पुन्हां उठविलेला होता. राज्याच्या सीमेपायीं ज्यांनीं रात्री जागविल्या असतील, त्यांच्या काळज्या आतां इतिहासाच्या पुस्तकांत चार ओळींच्या उरल्या. भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं केलेल्या तरतुदीचा लेख मात्र अद्याप वाचतां येतो.

दूर रोमचा बादशहा मार्कस ऑरेलियस यानेंहि दुसऱ्याच शतकांत स्वतःसाठीं टिपणें लिहून ठेविलीं. माणसांच्या व्यवहारांकडे उंचावरून पाहावें, असा बोध तो त्यांत स्वतःलाच करतो. हा माणूस निवांत नव्हता. त्याच्या १६१ ते १८० या कारकीर्दींत साम्राज्यांत साथ पसरली, डान्यूब नदीच्या सरहद्दीवर वर्षानुवर्षें युद्ध चाललें, आणि त्याचीं अनेक मुलें लहानपणींच गेलीं. उंचावरून पाहणें त्याला काम टाळण्यासाठीं नव्हे, काम करतां यावें यासाठीं हवें होतें.

येथें एक आक्षेप निघतो व तो रास्त आहे. नाशिक जिल्ह्यांतील एखाद्या द्राक्षबागाईतदाराची बाग काढणीस आली असतां गारपीट व्हावी, किंवा लासलगांवच्या बाजारांत कांद्याचा भाव कोसळावा, आणि अशा माणसास विश्वाचा अफाटपणा ऐकवावा, हें सांत्वन नव्हे; ती निष्ठुरता होय. त्याची चिंता लहान नाहीं. पाणी खरोखरच मारुतीच्या गळ्याशीं आलेलें असतें. अशा वेळीं व्यापक दृष्टीनें चिंता लहान करावयाची नसून तिचे भाग पाडावयाचे असतात. झडलेले घड पुन्हां वेलीला लागत नाहींत, हा एक भाग. पंचनामा, विम्याचा अर्ज, कर्जाच्या हप्त्यांविषयीं बँकेशीं बोलणें, हा दुसरा. आणि तो उद्यां सकाळीं हातीं घेतां येतो. शेजारच्या बागेवरहि तेंच संकट आलें आहे, हें दिसणें हाहि व्यापक दृष्टीचाच भाग आहे. कारण मनांत कोंडलेली चिंता चार माणसांत बोललेल्या चिंतेहून जड असते. झोंप व अन्न दोन्हीं तुटूं लागलीं, तर विनासंकोच डॉक्टरांकडे जावें.

रोजच्या बारीकसारीक काळज्यांस याहून सोपा परिपाठ पुरतो. रात्रीं जी गोष्ट छळूं लागेल ती कागदावर एका ओळींत लिहावी, आणि तिच्यापुढें तीन प्रश्न मांडावे. वर्षभरानें ही आठवेल काय? पूर्वीं ही कोणावर आली होती, व त्यानें काय केलें? उद्यां हिच्यासाठीं करण्याजोगें एक काम कोणतें? पहिल्याचें उत्तर ‘नाहीं’ असें आलें तर कागद मिटावा. ‘होय’ असें आलें तर तिसऱ्याचें उत्तर ठळक अक्षरांत लिहून निजावें. उषवदाताच्या लेखांत तरी याहून निराळें काय आहे? एक साधी गरज, तिचा नेमका आंकडा, आणि त्या आंकड्यापुरती तरतूद.