पहाऱ्याच्या रात्री सुचलेले इंजिन

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री शहरावर जर्मन बॉम्ब पडत होते. आग लागलीच तर ती लगेच विझवता यावी, म्हणून कारखान्यांत रात्रभर पहारा असे. पुढे ‘जॅग्वार’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीचे प्रमुख विल्यम लायन्स आणि अभियंते विल्यम हेन्स, वॉल्टर हसन व क्लॉड बेली यांनी या पहाऱ्याच्या वेळी एका नव्या इंजिनाचा विचार केला. शांततेच्या काळात विकायच्या मोटारीला ताशी १०० मैलांचा वेग हवा होता.

पिस्टन वर-खाली होताना इंजिनाला हादरे बसतात. चार सिलिंडरच्या इंजिनात त्यातले काही उरतात आणि वेग वाढला की थरथर जाणवते. एका रांगेतील सहा सिलिंडरमध्ये पिस्टनच्या तीन जोड्या १२० अंशांच्या अंतराने चालतात, त्यामुळे हे हादरे एकमेकांना रद्द करतात.

दुसरा प्रश्न श्वासाचा होता. जास्त शक्तीसाठी जास्त हवा आत जायला हवी. अर्धगोलाकार ज्वलनकक्षामुळे मोठ्या झडपा बसवता आल्या. त्या उघडण्यासाठी वर दोन कॅमशाफ्ट दिले. उष्णता लवकर बाहेर जावी आणि वजन घटावे, म्हणून सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे केले.

१९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ‘एक्सके १२०’ मोटारीसोबत हे ३,४४२ सीसीचे, १६० अश्वशक्तीचे इंजिन लोकांसमोर आले. १९५१ ते १९५७ या काळात याच इंजिनावर जॅग्वारने ल मान्सची २४ तासांची शर्यत पाच वेळा जिंकली. त्याचे उत्पादन १९९२ पर्यंत सुरू राहिले.