मद्यासक्ती व व्यक्तिमत्त्वविकृती

मद्यपानावरील ताबा सुटून शारीरिक, कौटुंबिक व सामाजिक हानी होत असतानाही ते चालू ठेवण्याची अनिवार्य प्रवृत्ती म्हणजे मद्यासक्ती. अनुभव घेण्याची, विचार करण्याची व इतरांशी वागण्याची जी पद्धती कुमारवयात वा तारुण्याच्या प्रारंभी रूढ होते, जिच्यात परिस्थितीप्रमाणे बदल होत नाही आणि जी स्वतःला किंवा इतरांना सतत जाचक ठरते, तिला व्यक्तिमत्त्वविकृती म्हणतात. या दोन्ही अवस्था एकाच व्यक्तीत आढळण्याचे प्रमाण केवळ योगायोगाने अपेक्षित असते त्याहून बरेच अधिक आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००१-०२ मध्ये ४३,०९३ प्रौढांची पाहणी करण्यात आली. मद्यपानाला विकृतीचे स्वरूप आलेल्यांपैकी २८.६ टक्के व्यक्तींत किमान एक व्यक्तिमत्त्वविकृती आढळली. सर्वसाधारण लोकसंख्येत हेच प्रमाण १४.८ टक्के होते. निदानाचे निकष अधिक कडक लावल्यास हे आकडे खाली येतात. दोहोंमधील संबंध मात्र टिकून राहतो.

विकृत स्वभावामुळे मनुष्य मद्याकडे वळतो, मद्यामुळे त्याचा स्वभाव विकृत भासू लागतो, की दोहोंच्या मुळाशी तिसरेच काही असते, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न होय. तो केवळ तात्त्विक नाही. ‘याचा स्वभावच तसा’ असा शिक्का एकदा बसला, की नातेवाईकच नव्हे, तर कित्येकदा उपचार करणारेही आशा सोडतात.

मद्यासक्तीकडे रोग म्हणून पाहण्याची दृष्टी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागली. बेंजामिन रश यांनी १७८४ मध्ये फिलाडेल्फियात आणि टॉमस ट्रॉटर यांनी १८०४ मध्ये इंग्लंडमध्ये अतिमद्यपानाची वैद्यकीय मीमांसा केली. ‘अल्कोहोलिझम’ ही संज्ञा स्वीडिश वैद्य माग्नुस हूस (१८०७–९०) यांनी १८४९ मध्ये रूढ केली. त्यांचा भर मद्याने शरीरावर व मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामांवर होता. व्यक्तिमत्त्वविकृतीची कल्पना स्वतंत्रपणे विकसित झाली. बुद्धी शाबूत असूनही वर्तन बिघडलेल्या रुग्णांचे वर्णन फ्रान्समध्ये फिलिप पीनेल यांनी केले, तर जे. सी. प्रिचर्ड यांनी १८३५ मध्ये अशा अवस्थेला ‘नैतिक वेडेपणा’ असे नाव दिले. विसाव्या शतकात हे दोन प्रवाह एकत्र आले आणि काही काळ मद्यासक्ती हीच व्यक्तिमत्त्वाची विकृती मानली गेली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या १९५२ सालच्या पहिल्या निदानपुस्तिकेत मद्यासक्तीचा समावेश समाजविघातक व्यक्तिमत्त्वाच्या गटात होता. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीतही ती व्यक्तिमत्त्वविकृतींच्याच प्रकरणात राहिली. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीने दोहोंची फारकत केली. पदार्थसेवनाच्या विकृतींना स्वतंत्र स्थान मिळाले व व्यक्तिमत्त्वविकृतींसाठी निदानाचा वेगळा अक्ष ठरविण्यात आला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने अक्षांची ही योजना सोडून दिली. वर्गांची फारकत मात्र कायम ठेवली. मद्यपी दुर्गुणी असतो हा लोकसमज शास्त्रीय वर्गीकरणात किती काळ टिकून होता, हे या इतिहासावरून लक्षात येते.

याच काळात मनोविश्लेषकांनी ‘मद्यासक्त व्यक्तिमत्त्वा’ची कल्पना मांडली. बाल्यातील मुखावस्थेत अडकलेला, परावलंबी व निराशा सहन न होणारा मनुष्य मद्याच्या आहारी जातो, असे तिचे सार होते. रुग्णालयात आलेल्या रुग्णांवरून ती पटण्यासारखी वाटे. परंतु हे रुग्ण वर्षानुवर्षे मद्य घेतल्यानंतरच तपासले जात, हा तिच्यातील मूलभूत दोष होय. मद्य घेण्यापूर्वी ते कसे होते, याची नोंद कोणाजवळच नसे.

ही उणीव दीर्घकालीन अभ्यासांनी भरून काढली. विल्यम व जोन मॅकॉर्ड यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉस्टनजवळच्या मुलांच्या बालपणीच्या नोंदींचा उपयोग केला. पुढे मद्यासक्त झालेली मुले भित्री वा परावलंबी नव्हती; उलट ती वरकरणी आत्मविश्वासपूर्ण व आक्रमक होती. ली रॉबिन्स यांनी सेंट लूइस येथील बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या ५२४ मुलांचा सु. तीस वर्षांनंतर माग काढला (१९६६). चोऱ्या, शाळा बुडविणे, मारामाऱ्या असे समाजविघातक वर्तन बालपणी असलेल्यांत प्रौढपणी मद्याच्या समस्या अधिक आढळल्या; केवळ भीती वा लाजाळूपणामुळे केंद्रात आणलेल्या मुलांच्या वाट्याला असे भवितव्य क्वचितच आले.

या संदर्भात जॉर्ज व्हेलंट यांचा १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सर्वांत महत्त्वाचा आहे. बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतील ४५६ मुले आणि हार्व्हर्ड विद्यापीठातील विद्यार्थी यांच्या तारुण्यापासूनच्या आयुष्याची माहिती त्यांच्यापुढे होती. दुःखी बालपण, चिंताग्रस्तता किंवा परावलंबी स्वभाव यांवरून कोण मद्यासक्त होईल हे सांगता येत नाही, असे त्यांना दिसून आले. ज्या गोष्टींचा प्रभाव दिसला, त्यांत कुटुंबातील मद्यासक्ती, मद्यपानाविषयीचे समाजातील संकेत आणि शालेय वयातील समाजविघातक वर्तन यांचा समावेश होता. मद्यासक्त पुरुष आपले बालपण वाईट गेल्याचे सांगत. परंतु मूळ नोंदींत तसे आढळतेच असे नाही. आपल्या व्यसनाचे कारण शोधताना मनुष्य भूतकाळालाही नवे रूप देतो. दीर्घकाळ मद्यमुक्त राहिलेल्यांची मानसिक स्थिती कधीच मद्यासक्त न झालेल्यांच्या जवळ येते, हा व्हेलंट यांचा दुसरा निष्कर्षही तितकाच मोलाचा आहे. दारू पोटात गेली की माणसाचे खरे रूप बाहेर पडते, या सर्वत्र ऐकू येणाऱ्या समजुतीला त्यामुळे छेद जातो. खोटे बोलणे, पैशांची अफरातफर, संशयीपणा, जबाबदारी टाळणे ही मद्यपीची लक्षणे बहुधा व्यसनाबरोबर येतात व त्याच्याबरोबरच ओसरतात.

तथापि सर्वांच्या बाबतीत असे घडत नाही. डोनाल्ड गुडविन यांनी डेन्मार्कमध्ये केलेल्या अभ्यासात (१९७३) मद्यासक्त पित्यांच्या, परंतु दत्तक कुटुंबांत वाढलेल्या मुलांपैकी १८ टक्के मद्यासक्त झाले. इतर दत्तक मुलांत हे प्रमाण ५ टक्के होते. स्वीडनमधील दत्तक मुलांच्या अभ्यासावरून (१९८१) रॉबर्ट क्लोनिंजर व त्यांचे सहकारी यांनी मद्यासक्तीचे दोन प्रकार सुचविले. पहिला सामान्यतः पंचविशीनंतर सुरू होतो, त्यात परिस्थितीचा वाटा मोठा असतो आणि रुग्णाला अपराधी वाटत राहते. दुसरा लहान वयात सुरू होतो, मुख्यतः पुरुषांत आढळतो, त्याच्या जोडीला मारामाऱ्या व कायदेभंग असतात आणि तो आनुवंशिकतेशी घट्टपणे निगडित असतो. अशा पित्यांच्या मुलांत, ते कोठेही वाढले तरी, मद्यासक्तीचे प्रमाण सु. नऊपट आढळले. हा दुसरा प्रकार म्हणजे लवकर सुरू झालेली मद्यासक्ती व समाजविघातक व्यक्तिमत्त्व यांची बेरीजच होय, अशी टीका पुढील संशोधकांनी केली व ती बऱ्याच अंशी ग्राह्य आहे.

नाटकातील पात्राला निदान चिकटविणे अशास्त्रीय असले, तरी राम गणेश गडकरी यांच्या एकच प्याला (१९१९) या नाटकातील सुधाकर पहिल्या प्रकाराच्या जवळचा वाटतो. बुद्धिमान, मानी व शीघ्रकोपी असा हा वकील सनद तहकूब झाल्याच्या अपमानातून तळीरामाच्या हातचा पहिला प्याला घेतो. त्याच्या पूर्वायुष्यात समाजविघातक असे काही नाही. पश्चात्तापाला मात्र अंत नाही.

मद्यासक्ती व समाजविघातक वर्तन यांना जोडणारा समान दुवा आवेगांवर नियंत्रण ठेवण्याच्या दुर्बलतेत असावा, असे आज मानले जाते. हेन्री बेग्लायटर यांनी १९८४ मध्ये मद्यासक्त पित्यांच्या, स्वतः कधीही मद्य न घेतलेल्या लहान मुलांच्या मेंदूतील विद्युत् प्रतिसाद मोजले. अनपेक्षित उद्दीपनानंतर सु. ३०० सहस्रांश सेकंदांनी उमटणारी लहर त्यांच्यात क्षीण होती. अशीच क्षीणता वर्तनसमस्या असलेल्या मुलांतही आढळते. म्हणजे एकाच जैविक प्रवृत्तीतून दोन फांद्या फुटत असाव्यात. सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकृतीत संबंध वेगळ्या प्रकारचा असतो. तेथे मद्याचा उपयोग असह्य भावना शमविण्यासाठी होतो आणि आत्महत्येचा धोका त्यामुळे वाढतो. इतरांना टाळणाऱ्या, भिडस्त व्यक्तींतही मद्य हे स्वयंउपचाराचे साधन बनते.

निदान करताना कालक्रम निर्णायक ठरतो. समाजविघातक व्यक्तिमत्त्वाच्या निदानासाठी वयाच्या १५ वर्षांपूर्वीच वर्तनदोष दिसू लागल्याचा पुरावा आवश्यक असतो. त्यासाठी केवळ पत्नीने सांगितलेली हकीकत पुरत नाही, कारण तिला पती विवाहानंतरचाच ठाऊक असतो. आई, थोरला भाऊ किंवा शाळासोबती यांच्याकडे चौकशी करावी लागते. मद्य बंद केल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत दिसणारी चिडचिड, निद्रानाश व घाबरेपणा हे स्वभावाचे भाग नव्हेत. व्यसनी रुग्णांतील बहुतेक विषण्णता मद्यमुक्तीच्या तीन-चार आठवड्यांत आपोआप ओसरते. या मुदतीपूर्वी व्यक्तिमत्त्वाविषयी कायमचा अभिप्राय लिहिणे चुकीचे ठरते आणि व्यवहारात ही चूक वारंवार होते.

व्यक्तिमत्त्वविकृती असलेले रुग्ण उपचार मध्येच सोडण्याचा संभव अधिक असतो. पण ते उपचारांना दादच देत नाहीत, हा समज टिकणारा नाही. अमेरिकेत १,७२६ रुग्णांवर झालेल्या व १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात तीन मानसोपचारपद्धतींची परीक्षा झाली. समाजविघातक प्रवृत्तीच्या रुग्णांना विशिष्ट पद्धतीच अधिक लाभते, ही अपेक्षा फोल ठरली. रागीट रुग्णांना मात्र त्यांच्याशी वाद न घालता त्यांची स्वतःची प्रेरणा जागविणारी पद्धत अधिक मानवली. सीमावर्ती विकृतीसाठी मार्शा लिनेहॅन यांनी विकसित केलेली वर्तनोपचारपद्धती मद्य व मादक पदार्थांच्या आसक्तीसाठीही वापरली जाते. डायसल्फिरामसारखे औषध, जे घेतल्यावर मद्य प्यायल्यास तीव्र प्रतिक्रिया उमटते, आवेगशील रुग्णाला देखरेखीवाचून देणे धोक्याचे असते.

केंद्र शासनाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्यपान करतात व सु. ५.७ कोटी लोकांना त्याबाबत मदतीची गरज आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मद्याच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला आहे. महाराष्ट्रात पुणे येथील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने (स्थापना १९८६) निवासी उपचारांबरोबर रुग्णाच्या पत्नीला व कुटुंबीयांना उपचारांत सामील करून घेतले. व्यक्तिमत्त्वविकृती असलेल्या रुग्णाच्या बाबतीत निवासी मुदत संपल्यानंतरचा पाठपुरावा अधिक काळ चालू ठेवावा लागतो, कारण मद्य सुटल्यावरही त्याचे घरातील वागणे लगेच पालटत नाही आणि याच टप्प्यावर कुटुंबीयांचा धीर सुटण्याचा संभव असतो.