डबल ड्रायव्हरची गाडी

पर्वत पाटिया, सुरत

सुरतेहून लिहिणाऱ्याकडून महाराष्ट्रातल्या वाचकाला ठरलेल्या गोष्टी हव्या असतात. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० साली केलेली लूट, लोचो-खमण, आणि जून २०२२ मध्ये गुवाहाटीला जाण्याआधी इथल्या हॉटेलात उतरलेले शिवसेनेचे आमदार. पुण्याचा पाहुणा असेल तर चौथा प्रश्न आवाज खाली आणून विचारतो, ‘तिकडे मिळते का?’ मिळते. आता पुढे जाऊ.

मी राहतो त्या पर्वत पाटियाला टेकडीसुद्धा नाही. खाडी आहे, आणि पावसाळ्यात ती विचारल्याशिवाय घरात येते. बाकी ट्रान्सपोर्टची गोदामं. रिंग रोडच्या कापड मार्केटांतून संध्याकाळी टेम्पो निघतात, बारदानात शिवलेली पार्सलं इकडे आणि सारोलीकडे येतात, बिल्ट्या फाटतात, आणि दिवसा शहरात बंदी असलेले मोठे ट्रक रात्री तोंड वर काढतात. तुमच्याकडच्या लग्नात आहेरात फिरत राहणाऱ्या साड्या बहुतेक याच रस्त्यानं आलेल्या असतात.

मध्यंतरी पुण्याच्या एका मित्रानं अमेरिकेतल्या जोडप्याचं चित्रण पाठवलं. नवरा-बायको आळीपाळीनं अठरा चाकी ट्रक चालवतात. मागे पलंग, फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि दोन सोनेरी कुत्री. खाली शेरा होता, ‘आपल्याकडे असलं काही व्हायला शंभर वर्षं जातील.’ पुण्यात बसून शंभर वर्षांचे हिशेब सोपे जातात. केरळातल्या एट्टुमानूरचे जलजा आणि रतीश हे पती-पत्नी पार काश्मीरपर्यंत ट्रक घेऊन गेले आणि त्यांच्या प्रवासाची चित्रणं मलयाळी घराघरांत पाहिली जातात. त्यांच्या कितीतरी आधी योगिता रघुवंशी एकट्यानं ट्रक चालवत होत्या. वाणिज्य आणि कायदा शिकलेल्या या बाई राहतात भोपाळला, पण मूळच्या आपल्याच नंदुरबारच्या. मुंबई-पुण्याला नंदुरबार ठाऊक नसतं, त्याला नंदुरबार काय करणार?

आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी अधूनमधून येऊन उभी राहते ती धुळे पासिंगची बारा चाकी. भाऊ साक्रीकडचे, वहिनी शिरपूरकडच्या. दोघांकडे अवजड वाहनाचा परवाना. सोबत राजा आणि चिंगी, दोन्ही अस्सल गावठी. राजा सोनगढच्या एका ढाब्यावरून आपण होऊन चढला; चिंगीला वहिनींनी भर पावसात रस्त्यावरून उचललं. कॅबिनमध्ये सीटमागच्या फळीवर गोधडी, फळीखाली पट्ट्यानं आवळलेलं पाच किलोचं सिलिंडर, स्टीलच्या डब्यात कळण्याचं पीठ, काचेवर सप्तशृंगीचा फोटो. कुत्र्यांचं पाणी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. फ्रिज नाही. एसीही नाही, ऑक्टोबर २०२५ पासून कारखान्यातून निघणाऱ्या नव्या ट्रकच्या कॅबिनला तो सक्तीचा झाला, त्याच्या आधीच्यांनी खिडकी उघडी ठेवायची.

यात कुणी प्रणयकथा शोधू नये. कापडाची पार्टी ‘डबल ड्रायव्हर’ मागते, कारण एक झोपला तरी गाडी चालू राहते. दुसरा ड्रायव्हर आणि क्लीनर ठेवायचा तर त्यांचा पगार-भत्ता हप्त्यातून काढावा लागतो. घरचाच माणूस स्टिअरिंगवर बसला की ते पैसे वाचतात. कुत्र्यांचंही तसंच. उभ्या गाडीतलं डिझेल उपसणारे आणि ताडपत्री फाडून पार्सल ओढणारे रस्तोरस्ती असतात. राजा टपावर झोपतो, चिंगी डिझेलच्या टाकीखाली. हौसेनं पाळलेलं या गाडीत काहीच नाही.

मित्राला हेवा वाटावा असं अमेरिकेत खरोखर काय आहे, तर मायक्रोवेव्ह नव्हे, घड्याळ. तिथे दहा तास विश्रांती घेतल्यावर जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते, आणि डिसेंबर २०१७ पासून ते तास यंत्र मोजतं. आपल्याकडेही २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा होता आणि त्यात दिवसाचे आठ तास लिहिले होते. पण तो लागू व्हायचा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी. नवरा, बायको आणि दोन कुत्री मिळून चारच होतात. आपल्याकडे घड्याळ आहे ते ई-वे बिलाला. दर दोनशे किलोमीटरला एक दिवस, म्हणजे सुरत-नागपूरला कागदाचे चार दिवस. कागद वाटेत चार दिवस आरामात राहू शकतो. माल मात्र पार्टीला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हवा असतो.

आता तुमच्या-आमच्या अभिमानाच्या मुद्द्याकडे येतो. महाराष्ट्र पुरोगामी, गुजरात व्यापारी, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. इथल्या गोदामात वहिनी पहिल्यांदा गाडी लावत होत्या तेव्हा मी तिथेच होतो. हमाल थांबले, दोन-चार जणांनी मोबाईल काढले. मुनीम एकदाच चष्म्यावरून बघून म्हणाला, “बेन, गाडी पाछळ लो,” आणि परत बिल्टीत डोकं घातलं. त्याला स्त्रीमुक्तीशी देणंघेणं नव्हतं. माल भरायचा होता. हजिरा ते पारादीप जाणाऱ्या त्रेपन्न नंबरच्या हायवेवर नवापूर ओलांडलं की मात्र चौकशी सुरू होते. ड्रायव्हर कुठंय? तुम्ही कोण यांच्या? घरचे कसं पाठवतात? वहिनी वैतागून म्हणतात, “कुत्रासले कोनी काही इचारत नही, माले मात्र समदा इचारतस.”

रात्रीच्या जेवणाचं बघा. गुजरातची दारूबंदी किती खरी, ते पाहुण्यांना आधीच सांगून टाकलंय. पण तिचा एक परिणाम कुणी ठरवून केलेला नाही, तरी झालाय. हायवेवरच्या काठियावाडी ढाब्यावर उघड्यावर बाटली नसते, म्हणून रात्री अकरालाही आज्या, सुना, लेकरं खाटांवर बसून शेव-टमाटं आणि रोटला खात असतात. त्यात एक ट्रकवाली जेवायला बसली तर ती बातमी होत नाही. सीमेपलीकडे तोच ढाबा ‘परमिट रूम’ होतो आणि बायकांसाठी मागे पडदा लावून ‘फॅमिली सेक्शन’ काढतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या डिसेंबरात हायवेपासून पाचशे मीटरच्या आत दारू नको म्हटलं, तेव्हा आपण दुकानं हलवली की रस्त्यांचीच वर्गवारी बदलायला निघालो, ते जळगावकरांना विचारा. परिणामी विसरवाडीपासून धुळ्यापर्यंत वहिनी कॅबिनमध्येच जेवतात. शेवभाजी आमच्या खानदेशची, आणि खानदेशच्या लेकीला ती पार्सलनं! वर कोंडाईबारी घाट, आणि फागण्यापर्यंतचं चौपदरीकरण इतकी वर्षं रेंगाळलं की राजालाही खड्डे पाठ आहेत. घाट आला की टपावरून उतरायला भुंकतो.

संडासाच्या बाबतीत मात्र दोन्ही राज्यांत बंधुभाव आहे. पंपावर संडास आहे, त्याला कुलूप आहे, किल्ली मॅनेजरकडे आहे, मॅनेजर जेवायला गेलाय. वहिनी दुपारनंतर पाणी पीत नाहीत. अशा पाणी तोडण्यानं मूत्रमार्गाचे आजार होतात हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलंय. किल्लीचं काय करायचं ते सांगितलेलं नाही. कुत्र्यांची सोय कुठेही होते. अमेरिकेत ट्रक थांब्यावर कुत्र्यांना फिरवायला कुंपण घातलेली हिरवळ असते. आपल्याकडे आधी बाईपुरतं कुंपण निघालं तरी मी समाधानी आहे.

सुरतेचं फार कौतुक झालं. इथल्या व्यापाऱ्याची दया आणि वही वेगवेगळ्या गल्ल्यांत राहतात. सकाळी गोदामासमोर मारवाडी आणि जैन मंडळी कुत्र्यांना पोळ्या घालतात, उन्हाळ्यात पाण्याची कुंडी भरतात. राजा-चिंगी इथे आले की दोन दिवसांत अंगानं सुटतात. आणि त्याच गोदामात माल आला नाही म्हणून गाडी दीड दिवस उभी राहिली, तर हॉल्टिंगचा विषय निघताच शेठ हात जोडतात. “अरे भाई, घरनी वात छे.” घरची गोष्ट असली की पैसे द्यावे लागत नाहीत, हे शास्त्र सुरतेला फार पूर्वीपासून येतं. हमालीही गाडीवाल्याकडूनच कापली जाते. भाऊ भांडतात, वहिनी हिशेबाची वही काढतात, शेठ चहा मागवतात. चहा उत्तम असतो.

आपण मराठी माणसं इथे येताना आपल्या रीती बरोबर आणतोच. महिला दिनाला इथल्या एका मराठी मंडळानं वहिनींचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, ‘जिद्द’ या विषयावर दोन भाषणं. निरोप घेऊन मला पाठवलं. वहिनी चिंगीच्या कानातली गोचीड काढत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, सत्कार खुशाल करा, पण नागपूरहून गाडी रिकामी आणावी लागते, आधी परतीचं भाडं लावून द्या. आणि मंडळात पंपवाले कुणी असतील तर किल्लीचं बघा.

मी ते बैठकीत जसंच्या तसं सांगितलं. मंडळात दोन ट्रान्सपोर्टवाले आणि एक पंपवाले आहेत. शाल एकमतानं मंजूर झाली. बाकीचं पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले.