वायर बदलली की गाणं बदलतं?

मन लावून गाणं ऐकणाऱ्यांची पुण्यात कमी नाही. १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने इथल्या पिढ्यांचे कान तयार केले. घरी उत्तम म्युझिक सिस्टीम बाळगणाऱ्या काही हौशी श्रोत्यांना हल्ली नवा प्रश्न पडतो : ॲम्प्लिफायरची साधी पॉवर केबल काढून हजारो रुपयांची लावली, तर आवाज सुधारतो का? लावणारे सांगतात, तानपुरा मोकळा वाटतो. ते खोटं बोलत नाहीत. पण या अनुभवाचं मूळ तांब्यात आहे की मेंदूत?

आधी वीज पाहू. पॉवर केबलमधून गाणं वाहत नाही. २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची वीज वाहते. ॲम्प्लिफायर ती एकदिश करतो आणि त्यातले कपॅसिटर तिचे चढउतार सपाट करतात. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या, एक मीटर लांब साध्या केबलमधून दोन अँपिअर वीज गेली, तर जाता-येता मिळून सुमारे ०.०५ व्होल्ट घट होते. सोसायटीतले एसी सुरू झाले की व्होल्टेज याहून कितीतरी जास्त हलतं. शिवाय डीपीपासून घरापर्यंत साध्याच तारांतून आलेली वीज शेवटच्या मीटरभरात शुद्ध कशी होणार?

विजेचा उपद्रव मुळी नसतोच, असं मात्र नाही. ईसीजी काढताना हृदयाकडून येणारा सिग्नल जेमतेम एक मिलिव्होल्टचा असतो. विजेची ५० आवर्तनं त्यात मिसळली की रेघ जाड, केसाळ दिसते. तेव्हा आम्ही महागडी केबल मागवत नाही. इलेक्ट्रोड नीट बसवतो, अर्थिंग तपासतो, रुग्णाला जोडलेल्या वायरी विजेच्या वायरींपासून दूर करतो. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनाही वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्यांचा रेडिओ-गोंगाट सतावतो. तो मोजता येतो, म्हणूनच गाळताही येतो.

घरातल्या स्पीकरमधून येणारी 'घूं' अशी घरघर याच जातीची. बहुतेकदा टीव्ही, कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झाल्याने ती येते. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर जोडा, सिग्नलच्या वायरी पॉवर केबलपासून लांब ठेवा, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. मात्र घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कापू नका किंवा दोन पिनांचा ॲडॉप्टर लावू नका. घरघर जाईल, पण उद्या बिघाड होऊन ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीत वीज उतरली, तर हात लावणाऱ्याच्या शरीरातून ती वाट काढेल. तीस मिलिअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी घरात असावाच.

मग तानपुरा मोकळा का वाटतो? अपेक्षेमुळे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकच वाइन वेगवेगळ्या किमती सांगून पाजली. महाग म्हटलेली वाइन लोकांना अधिक आवडलीच, शिवाय मेंदूतल्या सुखाशी निगडित भागाची हालचालही वाढली. म्हणजे सुख खरं होतं, कारण मात्र बाटलीत नव्हतं. म्हणूनच औषधांच्या चाचणीत खरी गोळी कोणाला दिली, हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासून लपवतात.

हीच चाचणी घरी करता येते. नाणं उडवून घरच्या कोणाला तरी पडद्याआड केबल ठरवू आणि बदलू द्या. काहीही न बोलता त्यांनी दहा वेळा हे करावं. आवाजाची पातळी तीच ठेवून तुम्ही ऐकावं आणि कोणती केबल आहे ते लिहावं. पाच-सहा उत्तरं बरोबर आली तर तो अंदाज. नऊ किंवा अधिक बरोबर येणं निव्वळ नशिबाने शंभरात साधारण एकदाच घडतं.

खर्च करण्याआधी आणखी एक गोष्ट तपासा : स्वतःचे कान. वयानुसार वरच्या पट्टीतले बारीक आवाज आधी हरवू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित असतो. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने घटते. पन्नाशी उलटली असेल, कानात सतत शिट्टी वाजत असेल किंवा घरचे 'टीव्ही जरा हळू करा' म्हणत असतील, तर केबलच्या दुकानाआधी कान-नाक-घसा विभागात जाऊन ऑडिओमेट्री करून घ्या.