सोमवारी तीन ते पाच

गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रातल्या सरकारी माहितीचा एक भाग खरोखर सुधारला आहे, हे आधी मान्य करायला हवं. पूर्वी सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे हिंडणारा शेतकरी आज १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा काढू शकतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखल्यांना मुदत घातली, मुदत टळली तर अपिलाची सोय केली आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड ठेवला. फ्लॅट घेणाऱ्याला महारेराच्या संकेतस्थळावर बिल्डरने ताब्याची कोणती तारीख लिहून दिली आहे ते पाहता येतं. पण हे सगळे कागद कुणा एकाचे आहेत. माझी जमीन, माझा दाखला, माझं घर. ज्या कागदावर कुणा एकाचं नाव नसतं, तो अजून कपाटातच आहे. गल्लीतला काँक्रीटचा रस्ता, नाल्याची सीमाभिंत, वस्तीतलं सार्वजनिक शौचालय, बागेतली खेळणी यांच्यावर सगळ्यांचा पैसा खर्च होतो आणि त्याचा हिशेब कुणाच्याच घरी येत नाही. नागरिकांचा सहभाग म्हणजे काय, याची कसोटी या दुसऱ्या प्रकारच्या कागदावर लागते, असं माझं मत आहे. त्या कागदापर्यंत पोचण्याची आपल्याकडची सगळ्यात साधी वाट म्हणजे कार्यालयात जाऊन फाईल उघडून पाहणं. ही वाट कायद्यात आहे, शासनाच्या आदेशातही आहे. वापरात मात्र ती फार कमी आहे.

माहितीचा अधिकार म्हटलं की डोळ्यांसमोर अर्ज येतो, त्यावरचा दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प येतो आणि तीस दिवसांची वाट पाहणं येतं. २००५ च्या कायद्याने या अधिकाराची केलेली व्याख्या याहून बरीच मोठी आहे. कलम २(ञ) मध्ये कागदपत्रांची पाहणी आहे, टिपणं काढून घेणं आहे, चालू कामाची पाहणी आहे, एवढंच काय, वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही आहे. पुणे महापालिकेत नागरिकांच्या आग्रहातून सोमवारी दुपारी फायली दाखवण्याची पद्धत सुरू झाली. पुढे २६ नोव्हेंबर २०१८ रोजी राज्य शासनाने जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी आदेश काढला, की दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. अर्जावर नेमकं काय मागायचं, हेच बहुतेकांना माहीत नसतं. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयापुरता आणि सर्वसाधारणपणे दीडशे शब्दांत बसवायचा असतो. फाईलमध्ये कोणते कागद आहेत हेच ठाऊक नसेल, तर दीडशे शब्दांत प्रश्न कसा विचारणार? ‘सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’ अशी कोरडी उत्तरं येतात, त्यातली कितीतरी चुकीच्या शब्दांत विचारलेल्या प्रश्नांमुळे येतात. फाईल समोर असली की ही अडचण राहत नाही. आधी पाहायचं, मग हव्या त्या चार पानांची नक्कल पानाला दोन रुपयांनी मागायची.

एखाद्या रस्त्याची फाईल कशी असते ते पाहू. तिचे ढोबळ दोन भाग असतात. एकात टिपण्या, दुसऱ्यात पत्रव्यवहार आणि जोडपत्रं. टिपणी म्हणजे कामाचा प्रवास. कनिष्ठ अभियंता प्रस्ताव मांडतो, उपअभियंता शिफारस करतो, कार्यकारी अभियंता सही करतो, लेखा विभाग कोणत्या अर्थशीर्षातून पैसे द्यायचे ते लिहितो. कोणी काय शेरा मारला, कोणी हरकत घेतली आणि ती हरकत पुढच्या टेबलावर कशी विरून गेली, हे फक्त इथेच कळतं. म्हणूनच २००६ साली केंद्र सरकारने टिपण्या माहिती अधिकारातून वगळण्याचा घाट घातला होता. देशभर विरोध झाला आणि तो बेत बारगळला. दुसऱ्या भागात अंदाजपत्रक म्हणजे एस्टिमेट, निविदा, दरांचा तुलनात्मक तक्ता, ठेकेदाराशी केलेला करारनामा, कार्यारंभ आदेश, चाचण्यांचे अहवाल आणि देयकं असतात. या सगळ्या ढिगात सामान्य माणसाच्या सर्वांत उपयोगाचा कागद एकच, आणि तो दिसायला अगदी सामान्य असतो. मोजमाप पुस्तिका. कार्यालयात तिला एमबी म्हणतात.

प्रत्यक्ष जागेवर जाऊन काम मोजल्यावर अभियंता ज्यात लांबी, रुंदी, जाडी आणि त्यांचा गुणाकार लिहितो ती ही वही. ठेकेदाराचं बिल तिच्यावरून निघतं. अंदाजपत्रक सांगतं काय करायचं होतं, निविदा सांगते कितीला ठरलं, पण काय झालं म्हणून पैसे दिले, हे सांगते ती एमबी. ती समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. समजा, तिच्यात लिहिलं आहे की गल्लीत १२० मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाडीचं काँक्रीट टाकलं. गुणाकार केला की ६३ घनमीटर होतात. टेप घेऊन रस्त्याची रुंदी मोजली आणि ती तीनच मीटर भरली, तर काँक्रीट ५४ घनमीटरच झालं. नऊ घनमीटरचे पैसे कशाचे, हा प्रश्न विचारायला कुठलीही पदवी लागत नाही. जाडी मोजणं अवघड, कारण ती जमिनीखाली जाते. पण तिथेही रहिवाशांकडे पुरावा असतो. काँक्रीट आणणारी मिक्सरची गाडी साधारण सहा घनमीटर माल आणते. ६३ घनमीटर म्हणजे दहा-अकरा खेपा. त्या रात्री गाड्यांच्या आवाजाने झोप न लागलेल्या गल्लीला किती गाड्या आल्या हे अधिकाऱ्यांपेक्षा जास्त चांगलं माहीत असतं. नागरिकांच्या सहभागाबद्दल आपल्याकडे इतकं बोललं जातं, पण लोकांजवळ असलेलं हे ज्ञान कामाला येईल अशी जागा फार थोडी आहे. एमबीचं उघडलेलं पान ही तशी जागा आहे.

आकड्यांइतक्याच तारखाही बोलतात. काँक्रीट टाकताना त्याचे ठोकळे भरून ठेवतात आणि ते सात आणि अठ्ठावीस दिवसांनी दाबून फोडतात, त्यावरून त्याची ताकद कळते. शेवटचा माल पडल्यापासून अठ्ठावीस दिवस व्हायच्या आत अंतिम बिल मंजूर झालं असेल, तर अहवाल न पाहताच सही झाली, हे दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं. एरवी एका टेबलावर तीन-तीन आठवडे पडून राहणारी फाईल मार्चअखेरीस एकाच दिवशी चार टेबलं ओलांडून गेली असेल, तर तेही दिसतं. करारनाम्यात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. ही एक ओळ ज्याला माहीत आहे त्याची खड्ड्याबद्दलची तक्रार वेगळी होते. तो खड्डा बुजवा अशी विनंती करत नाही, करारातल्या अटीवर बोट ठेवतो. आणि त्याच खड्ड्यासाठी महापालिकेच्या तिजोरीतून पुन्हा पैसे काढायची नवी फाईल कोणी तयार करत असेल, तर ती तिथेच थांबू शकते.

कागद आणि माणसं समोरासमोर आणली की काय होतं, हे आपल्याकडे आधीच सिद्ध झालं आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचून दाखवायची, एवढंच तिथे केलं जाई. अशा सुनवायांत न झालेल्या कामांची बिलं निघाली, मेलेल्या माणसांची नावं मजुरीच्या यादीत निघाली. लेखापरीक्षकाला हजेरीपटावरची नावं सारखीच दिसतात. कोण गेलं आणि कोण गाव सोडून गेलं, हे गावालाच कळतं. माहिती अधिकाराच्या चळवळीचं मूळ या अनुभवात आहे. महाराष्ट्रात खेड्यांना निदान ग्रामसभा आहे. वर्षाला चार सभा घ्यायच्या आणि गणपूर्तीसाठी मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके हजर हवेत, असा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी त्या कागदावर उरकल्या जातात, हे खरं. पण हिशेब विचारायचा तर उठून उभं राहायला एक जागा तरी आहे. शहरात तीही नाही. क्षेत्रसभेची तरतूद २००९ साली महापालिकांच्या कायद्यात आली, ती प्रत्यक्षात रुजलीच नाही. त्यात मार्च २०२२ पासून पुढची तीन वर्षं आणि त्याहूनही अधिक काळ मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. प्रश्न विचारायला सभागृह नव्हतं, नगरसेवक नव्हते. त्या काळात दिलेल्या बिलांच्या फायली आजही कार्यालयांत आहेत आणि त्या पाहण्यासारख्या आहेत.

यावर कार्यालयातून येणारी पहिली हरकत कामाच्या खोळंब्याची असते. माणसं कमी, टेबलं जास्त, त्यात नागरिकांना फायली काढून देत बसायचं कोणी? ही अडचण खोटी नाही. पण आठवड्यातले दोन ठरलेले तास हा खोळंबा कमी करण्याचाच उपाय आहे. एका रस्त्यासाठी आलेले पाच अर्ज, त्यांची उत्तरं, पहिली अपिलं, सुनावण्या यांत जो वेळ जातो, त्यापेक्षा फाईल टेबलावर ठेवायला कमी वेळ लागतो. दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. माहिती काढायची, ठेकेदाराला किंवा अधिकाऱ्याला गाठायचं आणि गप्प बसण्याचे पैसे घ्यायचे, असा धंदा करणारे आहेत. ते आहेत हे नाकारून चालणार नाही, कारण प्रामाणिक अधिकाऱ्यालाही त्यांचा जाच होतो. पण त्यांना किंमत का येते, याचा विचार करायला हवा. जी गोष्ट एकट्यालाच ठाऊक आहे तीच दाबून ठेवता येते. ज्या एमबीच्या पानाचा फोटो सोसायटीच्या सूचनाफलकावर लागला आहे, ते पान दाखवून कोणी कुणाला धमकावू शकत नाही. खंडणीखोराचा बंदोबस्त फाईल बंद करून होत नाही, ती सगळ्यांसाठी उघडी ठेवून होतो. आणि याची दुसरी बाजू फार दुःखाची आहे. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार उघड करत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. जिथे एकच माणूस कागद मागतो, तिथे त्या एका माणसाला गप्प करणं पुरेसं ठरतं. शेजारच्या दहा घरांतली दहा माणसं तीच फाईल पाहून आलेली असतील, तर त्या हिशेबाला अर्थ राहत नाही. म्हणून हे काम दोन-चार धाडसी माणसांवर सोपवून बाकीच्यांनी त्यांचं कौतुक करावं, हे मला मान्य नाही.

आता सगळं ऑनलाइन आहे, मग कार्यालयात जायचं कशाला, असंही विचारलं जातं. निविदा महाटेंडर्सवर असतात, ग्रामपंचायतीचे आराखडे ई-ग्रामस्वराजवर असतात, आणि ते आवर्जून पाहावेत. पण निविदा म्हणजे करायच्या कामाचा कागद. झालेल्या कामाचं मोजमाप आणि त्याचा चाचणी अहवाल संकेतस्थळावर शोधून पाहा, बहुतेक ठिकाणी हाती काही लागत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार ही माहिती कोणी मागायच्या आधीच, लोकांना अर्ज करायची वेळच येऊ नये इतकी, प्रसिद्ध करायला हवी होती. कायदा आला तेव्हा त्यासाठी १२० दिवसांची मुदत होती. एवढ्या वर्षांनीही बऱ्याच कार्यालयांची कलम ४ ची पानं म्हणजे बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांची नावं आणि जुने दूरध्वनी क्रमांक. त्यातच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) मध्ये बदल करून वैयक्तिक माहिती नाकारण्याचा मार्ग आणखी रुंद केला आहे. बिलावर ठेकेदाराचं नाव आहे, एमबीवर अभियंत्याची सही आहे, म्हणून ती ‘वैयक्तिक’ ठरवून मागे ठेवली जाण्याचा धोका खरा आहे. अशा वेळी कलम ८(२) दाखवावं. त्यातलं सार्वजनिक हिताचं तत्त्व अजून कायम आहे.

एका हरकतीला मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. सोमवारी दुपारी तीनला कोण जाऊ शकतं? धुणीभांडी करणारी बाई त्या वेळी कामावर असते, रिक्षावाल्याची ती धंद्याची वेळ, कारखान्यातल्या माणसाची पाळी चालू असते. म्हणजे फायली पाहायला जाणार ते निवृत्त, मध्यमवर्गीय आणि बहुतांशी पुरुषच, आणि पाहिली जाणार ती त्यांच्याच सोसायटीसमोरच्या रस्त्याची फाईल. वस्तीतल्या शौचालयाच्या दुरुस्तीची फाईल, जिथे पैसा सर्वांत सहज मुरतो, ती तशीच राहणार. आदेशातल्या वेळेचा हा दोष आहे आणि तो दुरुस्त होण्यासारखा आहे. महिन्यातून एका शनिवारी किंवा संध्याकाळी सात ते नऊ क्षेत्रीय कार्यालय यासाठी उघडं ठेवता येईल. तोवर ज्यांना सोमवारी वेळ आहे त्यांनी आपल्या रस्त्याच्या फाईलबरोबर शेजारच्या वस्तीतल्या शौचालयाचीही फाईल मागावी. तिची एमबी मोबाइलवर टिपून घ्यावी आणि संध्याकाळी वस्तीत जाऊन ती तिथल्या बायकांना वाचून दाखवावी. किती दारं बसवली, किती नळ लावले, कितव्या महिन्यात मोटर बदलली, हे एमबीत लिहिलेलं असतं. त्यातलं काय खरं, हे त्या एका बैठकीत सांगतील.