तारे एकत्र जन्मतात, एकत्र राहतात का?

मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांखाली काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनीही एक धूसर ठिपका दिसतो. तो मृगातील तेजोमेघ. पृथ्वीपासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर. त्यातील ताऱ्यांचा गुच्छ अवघा दहा ते तीस लाख वर्षांचा आहे. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा. त्या मानाने ही तान्ही बाळेच होत. ती जन्मतात कशी व पुढे त्यांचे काय होते, एवढेच आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहो.

आकाशगंगेच्या चपट्या तबकडीत हायड्रोजन वायू व धूळ यांचे प्रचंड मेघ आहेत. त्यांचे तपमान शून्याखाली सुमारे २६० अंश. तापलेला वायू पसरू पाहतो. इतका गार वायू स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसतो. मात्र सगळा मेघ एकदम आकसत नाही. वायूच्या खळबळीने प्रथम लांब तंतू बनतात, तंतूंवर गाठी पडतात, गाठींत तारे पेटतात. मग ही लहान टोळकी परस्परांकडे ओढली जाऊन मोठा गुच्छ होतो.

खरी परीक्षा यानंतरच. मेघातील थोडाच वायू ताऱ्यांच्या कामी येतो. मोठे तारे पेटले की त्यांचा प्रखर प्रकाश व त्यांच्यापासून सुटणारे वारे उरलेला वायू हाकलून लावतात. ताऱ्यांचा वेग आजवर तारे आणि वायू या दोहोंच्या ओढीला साजेसा होता. वायू गेला, ओढ घटली. वेग मात्र तोच. साधा हिशेब असा की, निम्म्याहून अधिक वस्तुमान एकाएकी गेले तर गुच्छ फुटतो. वायू सावकाश गेला, किंवा तारे दाटीने जन्मले, तर तो तगू शकतो. चार्ल्स व एलिझाबेथ लाडा यांनी २००३ साली काढलेल्या अंदाजाप्रमाणे, मेघात जन्मलेल्या शंभर गुच्छांपैकी दहासुद्धा एक कोटी वर्षे टिकत नाहीत.

संपाच्या दिवशी फाटकाशी जमलेली गर्दी व वर्षानंतर उरलेली युनियन यांतला फरक आम्हांस परिचित आहे. पण ताऱ्यांना टिकण्याचा निश्चय करता येत नाही; माणसांना येतो.

टिकलेल्या गुच्छाचा दाखला म्हणजे कृत्तिका. वय दहा कोटी वर्षांहून अधिक, तारे हजाराहून अधिक. तोही वाटेतल्या मेघांच्या व आकाशगंगेच्या ओढीने हळूहळू विखुरणार आहे. आपला सूर्यही अशाच एखाद्या गुच्छात जन्मला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. त्याची भावंडे तबकडीभर पांगली. त्यांचा शोध चालू आहे.